परसबाग, मीरा-भाईंदर परिसरातील

घराच्या मागील किंवा बाजूच्या मोकळ्या जागेत कुटुंबाच्या नित्य वापरासाठी केलेल्या भाजीपाला, फळझाडे, मसाल्याच्या व औषधी वनस्पती यांच्या लागवडीस परसबाग म्हणतात. भाजीचा मळा आणि परसबाग यांतील मुख्य फरक क्षेत्राचा नसून उद्देशाचा व व्यवस्थेचा आहे. मळ्यात एकदोन पिके पुष्कळ प्रमाणात व एकाच वेळी काढावयाची असतात. परसबागेत अनेक पिके थोडी थोडी, पण वर्षभर मिळत राहावीत, अशी योजना असते. शिवाय परसबाग ही घराच्या दैनंदिन व्यवहाराचाच एक भाग असते. घरातील सांडपाणी, राख, भाज्यांची साले-देठे व गोठ्यातील शेण तिच्यात जाते आणि तिच्यातून पाला, शेंगा, फळे व कंद स्वयंपाकघरात येतात. हे चक्र परसबागेचे मर्म होय. साष्टी बेटाच्या वायव्य भागातील मीरा-भाईंदर परिसरात हे चक्र कसे उभे राहिले, कसे खंडित झाले आणि ते कितपत पुन्हा जोडता येण्याजोगे आहे, याचा आढावा प्रस्तुत नोंदीत घेतला आहे.

शब्द व अर्थ : ‘परस’ म्हणजे घरामागील अंगण. ‘परसदार’ या शब्दाने घराच्या मागील दाराचा व त्यापुढील जागेचा बोध होतो. शौचास जाणे या अर्थी ‘परसाकडे जाणे’ हा शब्दप्रयोग मराठीत रूढ झाला, यावरून घरातील त्याज्य गोष्टींचा निचरा होण्याची जागाही परसच होती, हे स्पष्ट होते. कोकणात घराभोवतालच्या लागवडीस ‘वाडी’ किंवा ‘आगर’ असे म्हणतात. आगर हा शब्द नारळी-पोफळीच्या बागेस लावतात, तसाच तो मीठ पिकविण्याच्या जागेसही (मिठागर) लावतात. भाईंदरच्या परिसरात दोन्ही अर्थांची आगरे शेजारी शेजारी होती.

प्राचीन व मध्ययुगीन उल्लेख : कौटिलीय अर्थशास्त्रात पिकांना योग्य अशा जमिनी सांगताना विहिरीच्या आसपासची जमीन शाकभाज्या व कंदमुळे यांना योग्य ठरविली आहे. घर, विहीर व भाजीचे वाफे हे त्रिकूट किती जुने आहे, याचे ते गमक होय. वात्स्यायनाच्या कामसूत्रात गृहिणीच्या कर्तव्यांत घरालगतच्या स्वच्छ जागेत हिरव्या भाज्यांचे वाफे, उसाची बेटे आणि जिरे, मोहरी, ओवा, बडीशेप यांसारख्या वनस्पतींची लागवड करणे यांचा समावेश आहे. म्हणजे परसबागेची देखरेख हे स्त्रीचे कार्यक्षेत्र मानले जाई. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात अन्नभोगाच्या प्रकरणात भाज्यांच्या पाककृती आल्या आहेत. पण ते राजाचे स्वयंपाकघर होय.

सामान्य माणसाच्या भाजीबागेचा मराठीतील सर्वांत परिचित संदर्भ सोलापूर जिल्ह्यातील अरण येथील संत सावता माळी यांच्या अभंगांत मिळतो. त्यांच्या नावावरील एका सर्वपरिचित अभंगात मळ्यातील भाज्यांच्या ठिकाणी विठ्ठल पाहिला आहे व त्यात मिरचीचेही नाव येते. सावता माळी यांचे निधन परंपरेनुसार १२९५ मध्ये झाले. मिरची मात्र मूळची अमेरिका खंडातील असून ती भारतात सोळाव्या शतकात आली. त्यामुळे हा शब्द मौखिक परंपरेत मागाहून आला असावा, किंवा मिऱ्यासारख्या दुसऱ्या तिखट पदार्थाच्या जागी तो बसला असावा, असे मानावे लागते. परसात नवे पीक आले की ते किती लवकर जुने होऊन जाते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

पोर्तुगीज अंमल व नवी पिके : १५३४ च्या तहाने वसई व तिच्या ताब्यातील साष्टी, मुंबई इ. बेटे पोर्तुगीजांकडे गेली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पाने वसई जिंकेपर्यंत, म्हणजे सु. दोनशे वर्षे, हा प्रदेश त्यांच्या अमलाखाली होता. घोडबंदर व भाईंदरच्या पश्चिमेकडील धारावी येथील किल्ले या काळाच्या इतिहासाशी निगडित आहेत. राजकीय सत्ता गेली. परंतु परसात रुजलेल्या वनस्पती टिकून राहिल्या. मिरची, पपई, पेरू, अननस, काजू, राताळे, मका आणि लाल भोपळा या सर्व अमेरिकन वनस्पती होत. त्यांपैकी अनेकींच्या प्रसाराशी पोर्तुगीज दळणवळणाचा संबंध आहे. अननस, काजू, पपई, बटाटा व कोबी ही मराठी नावेही पोर्तुगीज शब्दांवरून आली आहेत. टोमॅटो त्यानंतर पुष्कळ उशिरा रुळला. ‘बेलवांगे’ व ‘भेदरे’ ही त्याची जुनी मराठी नावे होत; त्यांपैकी पहिले नाव तो प्रथम वांग्याचा भाऊबंद म्हणून ओळखला गेल्याचे दर्शविते.

अळू, वांगे, काकडी, दोडका, घोसाळे, पडवळ, कारले ही वेलवर्गीय व अन्य पिके मात्र आशियातील जुनीच आहेत. भेंडी व चवळी ही आफ्रिकेकडून प्राचीन काळी आलेली पिके होत. अशा रीतीने ‘गावठी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परसबागेत तीन खंडांच्या वनस्पती एकत्र नांदत होत्या.

जमीन, पाणी व मांडणी : वसईची खाडी, मनोरीची खाडी आणि अरबी समुद्र यांनी वेढलेल्या या भागात सखल जमीन बव्हंशी खारवट होती. तिच्यात बांध घालून खाऱ्या जमिनीतील भात घेत किंवा मिठागरे करीत. गोड्या पाण्याची विहीर आणि निचऱ्याची माती प्रामुख्याने गावठाणाच्या उंचवट्यावर व पश्चिमेकडील उत्तन-डोंगरीच्या टेकड्यांच्या पायथ्याशी मिळे. त्यामुळे भाजीपाला घराजवळच लावणे हे सोयीचेच नव्हे, तर अपरिहार्यही होते. पाऊस वर्षाला सु. २,००० ते २,५०० मिमी. पडतो, पण तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने बाग शिंपण्याच्या पाण्यावर जगवावी लागे. मोठ्या वाड्यांत विहिरीवर रहाट असे. लहान घरांत मोरीचे व न्हाणीचे पाणी हाच आधार होता.

परसाची मांडणी या पाण्यावरून ठरे. मोरीचे पाणी जेथे बाहेर पडे तेथे अळू व केळ लावीत. कारण दोन्हींना सतत ओल लागते व ती सांडपाण्यातील पोषकद्रव्ये शोषून घेतात. त्यापुढील कोरड्या भागात वांगी, भेंडी, लाल माठ, मिरच्या यांचे वाफे व कडेने हळद-आले असे. विहिरीजवळ मांडव घालून त्यावर दोडका, पडवळ, कारली व तोंडली चढवीत. पडवळ वेडेवाकडे वाढू नये म्हणून त्याच्या टोकास लहानसा दगड बांधण्याची पद्धत आहे. दुधी व लाल भोपळ्याचे वेल गोठ्याच्या किंवा पडवीच्या छपरावर सोडीत. कुंपणाशी शेवगा, कढीलिंब व गवती चहा असे. चुलीतील राख पानांवर भुरभुरल्याने मावा व अळ्यांचा उपद्रव काही अंशी कमी होई आणि जमिनीस पालाशही मिळे. बी विकत आणण्याची चाल नव्हती. वेलावरील पहिल्या फळांपैकी एक उत्तम फळ बियांसाठी राखीत, त्याचे बी राखेत घोळवून ठेवीत आणि शेजारीपाजारी व माहेर-सासर यांच्यात त्याची देवघेव होई. त्यामुळे एकाच गावात वालाच्या किंवा वांग्याच्या अनेक जाती टिकून राहत. या परिसरातील आगरी, कोळी, भंडारी व ख्रिस्ती कुटुंबांचे आणि चेणे-काशी या डोंगरपट्ट्यातील आदिवासींचे व्यवसाय भिन्न असले, तरी घरामागील लागवडीचे हे तत्त्व बरेचसे सारखेच होते.

परसातून स्वयंपाकघरात : परसबागेवर चालणाऱ्या स्वयंपाकात पदार्थ आधी ठरत नसे, जे तयार असेल त्यावरून तो ठरे. पावसाळ्याच्या आरंभी परसातील वेल लहान असतात. त्या वेळी शेवळे, टाकळा, कोरळ, भारंगी या रानभाज्या डोंगरातून येत. श्रावण-भाद्रपदात मांडव भरला की दोडका, पडवळ, काकडी व अळू यांची रेलचेल होई. अळूच्या पानांत व देठांत कॅल्शियम ऑक्झॅलेटाचे सुईसारखे स्फटिक असतात व त्यांमुळे घसा खाजतो. म्हणून अळूवडीत किंवा अळूच्या फदफद्यात चिंच अथवा आमसूल घालतात व भाजी पुरती शिजवितात. काळसर देठाचे अळू वडीसाठी व हिरव्या देठाचे पातळ भाजीसाठी, असा भेद गृहिणी करतात. दोडक्याची भाजी झाली तरी त्याच्या शिरांची चटणी होई. लाल भोपळ्याच्या गराचे घारगे, कोवळ्या पानांची व फुलांची भाजी आणि बिया सुकवून खाण्यास, असा एका वेलाचा सर्वांगी उपयोग केला जाई. केळीचे घड, केळफूल, सोपटाच्या आतील गाभा आणि जेवणासाठी पान हे सर्व उपयोगी पडत.

भाद्रपद शुद्ध पंचमीस, म्हणजे ऋषिपंचमीस, बैलाच्या श्रमाने पिकविलेले अन्न वर्ज्य असते. नांगर न लागलेल्या, हाताने लावलेल्या भाज्यांची अल्प मसाल्याची एकत्र भाजी त्या दिवशी करतात. परसबागेस धार्मिक आचारात मिळालेले हे सर्वांत स्पष्ट स्थान होय. अळू, पडवळ, दोडका, भेंडी, लाल माठाचे देठ यांच्याबरोबर तीत लाल भोपळा व मक्याचे कणीसही घालतात. ऋषींच्या नावाने होणाऱ्या भाजीत अमेरिकेतील दोन पिके निर्वेधपणे समाविष्ट झाली आहेत, ही गोष्ट लक्षणीय आहे. आचाराने पीक कोठून आले याकडे पाहिले नाही. ते कोणाच्या श्रमाने आले याकडे पाहिले.

भातकापणीनंतर जमिनीतील ओलीवर वाल होतो. मोड आणून सोललेल्या वालाचे बिरडे, ओल्या शेंगांची भाजी व संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी हे हिवाळ्यातील पदार्थ. शेजारच्या वसई भागात वाल-पापडी, कोनफळ, राताळी, वांगी इ. एकत्र शिजवून उकडहंडी करतात. उन्हाळ्यात परस ओसरले की शेवग्याच्या शेंगा, तोंडली, कच्चा फणस व साठविलेला भोपळा यांवर भागवावे लागे. उत्तन हे मासेमारीचे गाव असल्याने येथील स्वयंपाकात सुक्या मासळीची जोड महत्त्वाची आहे. सुकट-वांगे, जवळा घातलेले घोसाळे, सुके बोंबील व शेवग्याच्या शेंगा अशा मिश्रणांनी थोडी भाजी पुष्कळ माणसांना पुरे व प्रथिनांचीही भर पडे. १८८७ पासून ‘ईस्ट इंडियन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या येथील मराठीभाषक ख्रिस्ती समाजाने उन्हाळ्यात भाजून-कुटून बाटल्यांत भरून ठेवावयाच्या मसाल्याची परंपरा जपली आहे. त्यातील प्रमुख घटक मिरची हा होय.

रेल्वे, बाजार व युद्धकाळ : इंग्रजांनी १७७४ मध्ये साष्टी घेतली. १८६४ मध्ये उत्तरेकडून येणारा लोहमार्ग मुंबईपर्यंत सुरू झाला आणि वसई-आगाशीच्या बागायतीचा माल शहराच्या बाजारात सुलभपणे जाऊ लागला. वाडीचे उत्पादन हे विक्रीचे साधन बनले. परस मात्र बराच काळ घरापुरतेच राहिले. याच सुमारास मराठीत पाककृतींची छापील पुस्तके निघू लागली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे सूपशास्त्र १८७५ मध्ये प्रसिद्ध झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधर यांचे गृहिणीमित्र व १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे रुचिरा ही पुस्तके लोकप्रिय झाली. छापील कृतीत साहित्याची यादी प्रथम येते व ते बाजारातून आणता येईल असे गृहीत धरलेले असते. ‘काय तयार आहे’ या प्रश्नाची जागा ‘काय आणावयाचे’ या प्रश्नाने घेतली, ती हळूहळू या काळात.

दुसऱ्या महायुद्धात परसबागेस अल्पकाळ सार्वजनिक महत्त्व आले. ब्रिटनमध्ये १९३९ पासून रिकाम्या जागांत भाजीपाला लावण्याची मोहीम सुरू झाली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९४३-४४ च्या सुमारास सु. दोन कोटी घरगुती बागा होत्या व देशातील ताज्या भाज्यांपैकी सु. ४० टक्के त्यांतून मिळाल्याचा अंदाज केला जातो. भारतात ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम याच काळातील. मुंबईत १९४३ मध्ये शिधावाटप सुरू झाले. मात्र येथील मोहिमेचा भर धान्यावर होता.

दापोली येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने या प्रदेशाच्या जुन्या वेलभाज्यांकडे लक्ष पुरविले. पडवळाची कोकण श्वेता, कारल्याची कोकण तारा, दोडक्याची कोकण हरिता व वालाची कोकण भूषण या त्याच्या सुधारित जाती होत.

नागरीकरण व चक्राचा भंग : १९८५ मध्ये मीरा-भाईंदर नगरपरिषद अस्तित्वात आली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. लोकसंख्या १९९१ मध्ये सु. पावणेदोन लाख होती. ती २००१ मध्ये सु. ५·२ लाख व २०११ मध्ये सु. ८ लाख झाली. वीस वर्षांत चौपटीहून अधिक झालेल्या या वाढीत मुंबईत घर न परवडणाऱ्या मध्यम व कनिष्ठ मध्यमवर्गीयांना येथे निवारा मिळाला, ही तिची जमेची बाजू होय. तथापि भातखाचरे, मिठागरे व वाड्या यांचे क्षेत्र घटले आणि सदनिकेत परस ही जागाच उरली नाही. मोरीचे पाणी गटारात जाऊ लागले व त्यात राख-शिकेकाईऐवजी धुलाईची रसायने मिसळू लागली. पिण्याचे पाणी प्रामुख्याने शहाड-टेमघर योजनेतून व औद्योगिक विकास महामंडळाकडून दुरून येते. भाजी नाशिक, पुणे, सातारा या जिल्ह्यांतून वाशीच्या घाऊक बाजारामार्गे येते. स्वयंपाकघरातील ओला कचरा मात्र शहराच्या पश्चिम टोकास जातो. महानगरपालिकेचा घनकचरा प्रकल्प उत्तनजवळ धावगी येथे आहे व तेथील दुर्गंधी आणि आगी यांविषयी स्थानिक रहिवाशांनी वेळोवेळी तक्रारी केल्या आहेत. ज्या पट्ट्यात वाड्या दीर्घकाळ टिकून राहिल्या, त्याच पट्ट्यावर इतरत्र मोडलेल्या परसांचा भार पडला आहे. पूर्वी जे प्रत्येक घर आपल्या मागील दारी जिरवीत असे, ते आता संपूर्ण शहराचे मिळून एकाच ठिकाणी साचते.

गच्चीवरील व सज्जातील बाग : जमीन नसतानाही परसबाग करण्याचे प्रयत्न या महानगरप्रदेशात झाले आहेत. वांद्रे येथील आर. टी. दोशी यांनी गच्चीवर उसाच्या चिपाडाचा वापर करून अल्प मातीत भाजीपाला घेण्याची पद्धत प्रचारात आणली. चिपाड हलके असल्याने छतावर भार कमी येतो. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांच्या ‘प्रयोग परिवारा’ने पालापाचोळा कुजवून माती तयार करण्याचे व अल्प क्षेत्रात काटेकोर लागवड करण्याचे तंत्र महाराष्ट्रभर नेले. मुंबई बंदर न्यासाच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर तेथीलच ओल्या कचऱ्याच्या खतावर बाग उभी राहिली. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला कचरा वेगळा करणे बंधनकारक केले. शाळांतील पोषणबागांसाठी केंद्र शासनाने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या.

अशा बागेच्या मर्यादा हिशेबाने स्पष्ट होतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०११ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेनुसार प्रौढ व्यक्तीस रोज सु. ३०० ग्रॅ. भाज्या लागतात व त्यांत ५० ग्रॅ. पालेभाज्या असाव्यात. चार माणसांच्या कुटुंबास वर्षाला सु. ४४० किग्रॅ. भाजी लागेल. भाजीपाल्याचे उत्पादन हेक्टरी १५ ते २० टन, म्हणजे चौ. मीटरला दीड ते दोन किग्रॅ. धरले आणि वर्षात तीन पिके घेतली, तर सु. ९० चौ. मी. जागा हवी. वाफ्यांमधील वाटा धरता ती एक गुंठा (सु. १०१ चौ. मी.) भरते.  सदनिकेच्या सज्जात दोन-तीन चौ. मीटरांहून अधिक जागा क्वचितच मिळते. तिच्यातून कोथिंबीर, पुदिना, मेथी, माठ, मिरच्या व कढीलिंब एवढेच नियमितपणे मिळू शकेल. फक्त पालेभाज्यांची गरज भागविण्यासही सु. १५ चौ. मी. लागतात. एवढी जागा गच्चीवर मिळू शकते. परंतु गच्ची सर्वांच्या मालकीची असल्याने तेथे जलरोधन, छताची भारक्षमता व पाण्याची वाटणी यांविषयी रहिवाशांचे एकमत आवश्यक ठरते.

यावरून नागरी परसबाग ही बाजाराची जागा घेऊ शकत नाही, हे उघड आहे. मात्र जुन्या चक्राचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे स्वयंपाकघरातील ओला कचरा जागच्या जागी जिरविणे, याला फार जागा लागत नाही. झाकणाच्या छिद्रयुक्त पिंपात साले-देठे, सुका पाला व थोडी माती यांचे थर देत गेल्यास दोन ते तीन महिन्यांत वापरण्यास योग्य खत तयार होते. कुंड्यांना पुरून उरणारे खत इमारतीच्या आवारातील झाडांस घालता येते. उत्पन्नाच्या दृष्टीने सज्जातील बाग अल्प असली, तरी तिच्यामुळे शहराच्या टोकास जाणारा भार घटतो. उत्तन, डोंगरी, गोराई व मनोरी या पट्ट्यात काही घरांभोवती विहीर, मांडव, केळ व अळू यांची जुनी मांडणी अद्याप आढळते. तेथे राखून ठेवलेले घरगुती बी व ते राखणाऱ्या वृद्ध स्त्रियांचे ज्ञान यांची पद्धतशीर नोंद करणे अगत्याचे आहे; कारण बी दोन-तीन पावसाळे पेरले गेले नाही, तर त्याची उगवणशक्ती बहुधा नष्ट होते आणि त्याबरोबर ती जातही संपते.